कारणाचा रकाना

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इंजिनीअर पोरांना नीट लिहायला शिकवते. शाळेची नोकरी सुटल्यावर हेच एक काम हाती लागलं, त्यामुळे नखरे करायची सोय नव्हती.

पोरं हुशार. पण अपघाताचा अहवाल म्हटलं की कॉम्प्युटरमधला जुना अहवाल उघडायची, नाव-तारीख बदलायची आणि मोकळी व्हायची. भर मे महिन्यातल्या अपघातात ‘पावसाने फरशी निसरडी झाली होती’ असं मी वाचलंय. कारणाच्या रकान्यात मात्र कायम एकच, कामगाराचा निष्काळजीपणा. एक दिवस मी वर्गात कडाडले, "डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा!"

नेवाशाकडच्या एका इंजिनीअरनं ते मनावर घेतलं. त्याच्या प्रेस मशीनवर एका कामगाराच्या बोटाचं पेर तुटलं होतं. त्यानं लिहिलं, ‘काम वेगानं व्हावं म्हणून मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून मी मशीनची संरक्षक जाळी काढली होती. जाळी असती तर बोट वाचलं असतं.’ मला इतका आनंद झाला की मी ते सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

दुपारी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. इंजिनीअर आधीच तिथं उभा होता.

"मॅडम, जरा भाषा सुधारून द्या," साहेब गोड आवाजात म्हणाले. "तुमचं पुढच्या वर्षीच्या कामाचं पत्रही माझ्याकडंच सहीला आलंय."

इंजिनीअर माझ्याकडं बघत राहिला. "मॅडम, तुमी म्हनल्या म्हनून लिवलं. त्या गड्यावर ठपका आला तर त्याची नोकरी जाती. आता तुमीच सांगा, काय ठिवू?"

दार माझ्या पाठीमागं उघडंच होतं, पण मला उठता येईना. भीती वाटली, सरळ सांगते. मी पेन घेतलं, त्याची दोन्ही वाक्यं खोडली आणि वर लिहिलं, ‘कामगाराने हात वेळीच मागे घेतला नाही.’ छोटं, स्वच्छ वाक्य. मी शिकवते तसंच.

कामगाराला काढलं. साहेबांना तो अहवाल इतका आवडला की आता नमुना म्हणून तोच कॉम्प्युटरमध्ये आहे.

मागच्या आठवड्यात त्याच इंजिनीअरनं नव्या अपघाताचा अहवाल तपासायला आणला. कारणाच्या रकान्यात वाक्य माझंच होतं, वर फक्त कामगाराचं नाव दुसरं. मी खाली ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली.