दीपमाळेचा वरचा कोनाडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, देवापुढेही नाही. माझ्या बायकोचा खांदा आखडला तो माझ्यामुळे.

कर्करोगात तिचा डावा स्तन काढावा लागला. लातूरच्या डॉक्टरांनी पाठीचा स्नायू पुढे वळवून नवा घडवला. जखम भरल्यावर व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, बोटं भिंतीवर रोज थोडी थोडी वर चढवायची. हात वर गेला की छातीतला तो स्नायू झटकन हलायचा. असं होणारच, भिऊ नका, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मला ते बघवेना. खरं लिहितो, किळस वाटली. मग मी रोज म्हणू लागलो, "आज राहू दे, दुखतंय ना?" फळीवरचे डबे मीच काढायचो, तिची वेणीही घालायचो. अहमदपूरच्या आमच्या गल्लीत कौतुक व्हायचं, "नवरा असावा तर असा!" ती लाजायची. मी खाली बघायचो. होता होता तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना.

ऑपरेशनआधी तिनं माहेरच्या खंडोबाला दीपमाळ लावायचा नवस केला होता. तो फेडायला आम्ही अर्धापूरजवळच्या तिच्या गावी गेलो. सवयीनं मी तिच्या हातातली पणती घ्यायला गेलो, तर ओट्यावर वाती वळत बसलेली एक अनोळखी म्हातारी कडाडली, "ओ दादा, मधी मधी करू नका. नवस बाईचा हाय, दिवा तिच्याच हातानं लागंल. लई हौस असंल तर तेल धरा!"

बायको खुदकन हसली. मी तेलाची बुधली धरली.

खालच्या कोनाड्यापासून ती दोन्ही हातांनी एकेक पणती ठेवत गेली. छातीएवढ्या, मग खांद्याएवढ्या उंचीवर. पुढच्या कोनाड्यापाशी डावा हात अडला, तसा तिनं तो नेटानं वर रेटला. पदराआड तो स्नायू हलताना मला दिसला. या वेळी मी नजर वळवली नाही. पाठीवरची आपली जागा सोडून तो इथं आला होता, आणि तिनं हात उचलला की अजूनही मदतीला धावत होता. मी इतके दिवस त्यालाच भीत होतो. पणती कपाळाच्या वरच्या कोनाड्यात टेकली. माझे डोळे भरून आले. देवा, तू तिला हात दिलास आणि मला नजर.

त्या म्हातारीच्या पाया पडावं म्हणून वळलो, तर ओट्यावर नुसत्या वाती होत्या.

परतताना एसटीत बायको म्हणाली, "अहो, उद्यापासून भिंतीपाशी तेल धरून उभं राहता का?"

आता रोज उभा राहतो. बोटं बरीच वर गेली आहेत, वेणी तिची ती घालते. पण मी तिला का अडवत होतो, ते तिला अजून ठाऊक नाही. ते तिला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.