अध्यक्षांचं मंगलाष्टक

साहित्य माणसाला समाजाच्या केंद्रस्थानी नेऊन उभं करतं, असं आमचे विभागप्रमुख निरोपसमारंभात म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ते खोटं नव्हतं. एम.ए. होऊन दोन महिने झाले नाहीत तोच मी खरोखर समाजाच्या केंद्रस्थानी उभा होतो. समोर भरलेलं मंगल कार्यालय, हातात माईक, उजवीकडे भटजी, डावीकडे अंतरपाट आणि केसांत तांदूळ!

सीमाभागातल्या आमच्या वडगावात घरी पुढच्या खोलीत माणसं राहतात आणि मागच्या खोल्यांत पॉवरलूम. (जागा बघता उलट म्हणायला पाहिजे. लूम राहतात, आम्ही सोय बघतो.) त्या खडखडाटामुळे आमच्याकडे गोड बातमीसुद्धा ओरडूनच सांगतात. त्यामुळे मी पास झाल्याचं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या काकांना भिंतीवरून ओरडून सांगितलं.

"कशात एम.ए. केलं म्हणं?"

"मराठीत!"

"मराठी तर येतंयच की त्याला!"

ह्याचं उत्तर मी दोन वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधलं, तिथंही नव्हतं.

मग गल्लीनं माझ्या पदवीचा वापर सुरू केला. निवृत्त होणाऱ्या पोस्टमनचं मानपत्र मी लिहिलं. मंडळाचं आवाहन मी लिहिलं. नळाला मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांविरुद्ध एका गृहस्थांनी फलक मागितला, तोही "जरा काव्यात"! माझा प्रबंध 'आधुनिक कवितेतील मौन' ह्या विषयावर होता. तो कुणी मागितला नाही.

त्यातच आक्काचं लग्न ठरलं. माझी थोरली बहीण. मुलगा निपाणीचा, घरचा तंबाखूचा व्यापार, स्वभावानं गरीब. पण आप्पांचा डोळा मुलाच्या थोरल्या काकांवर. ते एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना अध्यक्षच म्हणतात, घरातसुद्धा. त्यांच्या बायकोनंही "अध्यक्ष, च्या निवला" असं म्हटलेलं मी ह्या कानांनी ऐकलं आहे. त्यांच्या हायस्कुलात मराठीच्या मास्तराची जागा रिकामी होती आणि ती मला मिळाली नाही तर मला उद्यापासून लूमवर बसवायचं, हे आप्पांनी ठरवून टाकलं होतं.

सुपारी फुटली त्या दिवशी अध्यक्ष पान जुळवत म्हणाले, "पोरगं मराठीत एम.ए. हाय न्हवं? मग मंगलाष्टकं त्यालाच लिहू दे, त्यालाच म्हणू दे. बघू तरी तयारी."

म्हणजे माझी मुलाखत! बहिणीच्या लग्नात, चालीवर!

"आप्पा, मी मौनावर प्रबंध लिहिलाय," मी म्हणालो.

"लई चांगलं केलंस. पण अध्यक्षांचं नाव जोरात आलं पायजे."

आमच्या भागातल्या मंगलाष्टकांत हल्ली देवांपेक्षा नातेवाईक जास्त असतात, हे परगावच्या वाचकांना सांगायला हवं. वधूकडचे, वराकडचे, हयात, दिवंगत, सगळे ओळीनं गुंफायचे. ज्याचं नाव राहिलं तो जेवत नाही, आणि जेवला तरी बोलत नाही. त्यात अध्यक्षांची पदं! संस्था, पतसंस्था, दूध सोसायटी आणि कसल्याशा महासंघाचे माजी उपाध्यक्ष. हे सगळं कुठल्याच वृत्तात मावेना. शेवटी मी अख्खं शेवटचं कडवं त्यांना देऊन टाकलं. शंकर-पार्वतीला दोघांत मिळून दीड ओळ आली होती.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला भरपूर वेळ ठेवून मी सुरुवात केली. गणपती झाला, कुलस्वामिनी झाली, लोकांनी अक्षता टाकल्या. मग वधूपक्षाचं कडवं संपतंय तोच शहापूरचे आमचे चुलते व्यासपीठावर चढले.

"आमच्या अण्णांचं नाव न्हाय घेतलंस?"

"काका, अण्णा वारलेत."

"मेल्यावर मानूस नात्यातनं जातोय व्हय रं?"

मी अण्णांना पुढच्या ओळीत बसवलं. ते ऐकून निपाणीकडच्या रांगेतून आवाज आला, "पोरीकडचं एक वाढलं, आमचं बी एक वाढवा!" मी वाढवलं. तेवढ्यात चिकोडीहून आलेली नवऱ्याच्या मावशीकडची मंडळी उठून उभी राहिली. "नम्दू हेळ्री!" म्हणजे आमचंही म्हणा. सीमेवर एका बाजूचं नाव घेऊन दुसरीचं गाळलं तर काय होतं, हे मला कुठल्या विद्यापीठानं शिकवायची गरज नव्हती. मी एक कडवं कानडी नावांचं रचलं. उभ्याउभ्या! त्या कडव्याबद्दल आजवर मला कुणी शाबास म्हटलेलं नाही.

लोकांच्या अक्षता संपल्या. पुढच्या रांगेतली माणसं सतरंजीवरच्या गोळा करून पुन्हा टाकू लागली. अंतरपाट धरलेल्या दोघांनी हात बदलले. पाटामागून आक्काचा दबका आवाज आला, "आटप की रं मुडद्या! हाराचं पानी साडीवर गळालंय!"

भटजींनी मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकापुढे धरलं. मुहूर्त आला होता. अध्यक्षांचं कडवं राहिलं होतं. थांबावं तर नोकरी गेली. मी डोळे मिटले आणि अध्यक्षांना हात घातला. "संस्थेचे आधारस्तंभ..." एवढंच झालं. भटजींनी हात वर केला आणि बँडवाल्यांनी इतका वेळ तुंबलेला सगळा जोर एकदम काढला. अंतरपाट गेला, हार पडले, लग्न लागलं. मी पूर्ण कडवं म्हटलं. माझं मलाही ऐकू आलं नाही.

बँड थांबला. अध्यक्ष पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि आप्पांनीही बघितला.

"त्यांना वर बोलव, सत्कार करूया," आप्पा माझ्या कानात म्हणाले, "आणि ते कडवं पुन्यांदा म्हण. सगळं!"

अध्यक्ष वर आले. डोक्याला फेटा होताच. सत्काराच्या हाराचं ताट माझ्या आत्याकडे होतं. (आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. तिचे यजमान ह्या वेळी पहिल्या पंगतीत जिलेबीपाशी होते.) आप्पा शाल शोधायला गेले. ताट खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून आत्यानं ते काखेत मारलं, हार हातात घेतला आणि अध्यक्षांच्या समोर उभी राहिली. शालू तिनं नेसलेला होताच.

मी खणखणीत आवाजात कडवं म्हटलं. एकही पद गाळलं नाही. दूध सोसायटीला तर लोकांनी मान डोलावली. शेवट अर्थातच सवयीनं केला, "...शुभमंगल सावधान!"

जन्मभर हे ऐकून अक्षता टाकलेली माणसं ती. टाकणारच! चारी बाजूंनी अध्यक्षांवर आणि आत्यावर तांदूळ पडले. बँडवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली. भटजींचा हात आपोआप वर गेला. आणि आमच्या आत्यानं, जिनं आयुष्यात एकदाही वेळेवर काही केलेलं नाही, बरोबर ठोक्याला अध्यक्षांच्या गळ्यात हार घातला!

फोटोग्राफर म्हणाला, "जरा जवळ या की दोघं."

जेवणाच्या हॉलमधून आत्याचे यजमान जिलेबी हातात घेऊन धावत आले. "दुसरं लगीन कुनाचं लागलं रं?"

पहिल्या रांगेतून अध्यक्षांच्या पत्नी उठल्या, सावकाश पायऱ्या चढल्या, हार नवऱ्याच्या गळ्यातून काढला आणि आत्याच्या हातात परत दिला. मग माझ्याकडे वळल्या.

"हे तूच लिवलंस?"

"व्हय, काकू."

"एम.ए. हाईस न्हवं?"

"व्हय."

अध्यक्ष फेटा सारखा करत म्हणाले, "मराठीच्या जागेवर घ्यायचं म्हणत होतो ह्याला. पाठांतर बरं हाय."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आक्का मुंडावळ्यांच्या मागून हात जोडत होती. माझ्यासाठी की स्वतःच्या सासरसाठी, मला कळलं नाही.

"पोराला घ्या," काकू म्हणाल्या, "सोयऱ्याचं हाय, वाऱ्यावर सोडू नका. पण कविता असलेला विषय ह्याच्या हातात देऊ नका, अध्यक्ष. पोरं-पोरी एका वर्गात बसत्यात."

मी संतापलो. एका समृद्ध भाषेचा, तिच्या परंपरेचा आणि माझ्या प्रबंधाचा हा अपमान होता, आणि मी तिथल्या तिथं, त्याच माईकवरून निषेध नोंदवणार होतो. पण आप्पांनी तोवर काकूंच्या पाया पडायला माझी मान खाली दाबली होती.

जूनमध्ये मी रुजू झालो. तेव्हापासून आठवी ते दहावीला भूगोल शिकवतो.