लाल टॅग लागलेली चौदा पुस्तकं

जयमाला ढाकणेला एखादं पुस्तक आवडलंय, असं बसमधल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं.

निगडीहून पहाटे पावणेसहाला चाकणच्या कंपनीची बस सुटायची. ड्रायव्हरच्या मागच्या तीन रांगा बायकांच्या, आणि त्या रांगांमधून एक कापडी पिशवी फिरायची. पिशवीत रहस्यकथा आणि भयकथा. खून, करणी, हरवलेले वारसदार, भिंतीत चिणलेल्या सुना. कुणी रद्दीवाल्याकडून आणलेली, कुणी दिराच्या माळ्यावरून काढलेली. तळवड्याच्या चौकात बस हमखास अडकायची. तेवढ्या वेळात बायका वाचायच्या, आणि वाचलेल्याबद्दल एकमेकींना सांगायच्या. जयमाला मात्र सांगायची नाही, निकाल द्यायची.

गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कंपनीत ती बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होती. बीड जिल्ह्यातल्या केजजवळच्या खेड्यातून लग्न होऊन निगडीच्या ओटास्कीम वसाहतीत आली, तेव्हा बारावी झाली होती. नवरा भोसरीला पत्रे दाबायच्या प्रेसवर. नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात तिला कळलं, की आपल्याला चूक दिसते. बाकीच्यांना मापाचं गेज लावून कळायचं, तिला हातात घेतल्या घेतल्या. एकदा महिनाअखेरीला मॅनेजरनं एक वाकडा लॉट पास करायला सांगितला, "सही तेवढी करा मॅडम, गिऱ्हाईक काही मोजत बसत नाही." तिनं केली नाही. सहा महिने तिला पॅकिंगला खोके चिकटवायला बसवलं. तिनं चिकटवले. पण ते खोकेसुद्धा सरळ चिकटवलेले होते, असं अजून सांगतात.

पुस्तकांनाही तिची तीच नजर. कंपनीनं टॅगचा नमुना बदलला तेव्हा जुने लाल टॅग फेकायला निघाले होते, त्यातला एक गठ्ठा तिनं मागून घेतला. रिजेक्ट मालाला बांधायचे ते. पुस्तक वाचून झालं की ती टॅग भरायची आणि दोऱ्यानं पुस्तकाला बांधायची. भागाचं नाव, दोष, तपासणाऱ्याची सही. 'खुनी पान चाळीसवर कळतो. पुढची दीडशे पानं इन्स्पेक्टरला कळावं म्हणून.' 'भूत दिवसा दार वाजवून येतं. पोस्टमन आहे का?' 'नायिका तीन वेळा बेशुद्ध. डॉक्टर एकदाही नाही.'

खरा राग तिला पुस्तकांपेक्षा शिफारशींचा यायचा. त्यात करिष्मा पहिली. पंचविशीची, असेंब्ली लाइनवर, मारुंजीहून निगडीपर्यंत नवऱ्याच्या गाडीवर येणारी. तिला प्रत्येक पुस्तक 'भारी' वाटायचं.

"ताई, हे वाचाच. एक नंबर. अंगावर काटा!"

"मागच्या आठवड्यातलंही एक नंबरच होतं ना?"

"तेपण होतं."

"मग दोन नंबर कुठलं गं? का तुझ्याकडं मोजायला एकच आकडा आहे?"

बायका हसायच्या, करिष्माही हसायची. जयमालाला तेही पटायचं नाही. ज्याला सगळंच आवडतं त्यानं काहीच वाचलेलं नसतं, असं तिचं मत होतं आणि ते बदलावं असं तिला कुणी भेटलं नव्हतं.

अपवाद एकच, अंबूबाई. कॅन्टीनला पोळ्या लाटणारी, मूळची म्हाळुंग्याकडची जुनी बाई. साठीला आलेली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, त्यामुळं बोट ठेवून वाचायची, दिवसाला चार पानं. एक पुस्तक तिला दोन महिने पुरायचं. ती शिफारस करायची नाही, काळजी करायची. सध्या तिच्याकडं 'काळ्या काचांचा बंगला' होतं.

"जयमाला, त्यो सैपाकी न्हाई ना गं मारणारा? गरीब हाय बिचारा. समद्यांचा संशय त्याच्यावरच हाय."

"वाचा मावशी. मी सांगणार नाही."

"व्हय, पन वाईट वाटतं."

जयमालानं ते आधीच वाचलेलं होतं. त्यावरच्या टॅगवर दोषाचा रकाना पुरला नव्हता, तिनं मागच्या बाजूला लिहिलं होतं. पुस्तक संपेपर्यंत टॅग वाचायचा नाही, असा अंबूबाईचा नेम होता.

एका गुरुवारी करिष्मा पिशवी बसमध्ये विसरली. अंबूबाईनं बंगल्याचं पुस्तकही त्या दिवशी पिशवीतच टाकलेलं, चाळीस पानं राहिली होती. ड्रायव्हरनं पिशवी गेटवर दिली. शुक्रवारी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं, आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी कंपनीतल्या माणसांच्या अंगात जे येतं ते सगळं गेटवाल्यांच्या अंगात आलेलं होतं. त्यांनी पिशवी उघडली. चौदा नग, चौदा लाल टॅग, खाली इन्स्पेक्टरची सही. लाल टॅगचा माल उघड्यावर दिसता कामा नये, असा नियम. त्यांनी तो माल थेट स्टोअरला, रिजेक्ट माल कोंडायच्या लाल जाळीत नेऊन टाकला आणि कुलूप लावलं.

जाळीतला माल शनिवारी भंगारवाला नेतो.

स्टोअरला उद्धवराव. कागद दिसला की ज्यांचे डोळे पाणावतात अशा माणसांपैकी. गेटवर विचारून जयमाला आणि करिष्मा जेवणाच्या सुट्टीत गेल्या, तेव्हा ते डबा झाकून ठेवून टेबलाशी ताठ बसले.

"पुस्तकं आहेत उद्धवराव," जयमाला म्हणाली. "वाचायची."

"ते दिसतंय. पण टॅग कुणाचा?"

"माझा."

"सही?"

"माझीच."

"मग रिजेक्ट तुम्हीच केलाय. मी कसा देऊ? उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं, जाळीतला माल कुठं गेला, तर काय सांगू, वाचायला नेला?"

"ऑडिटवाला पुस्तकं मोजणार आहे का?" करिष्मा म्हणाली.

"आज एंट्री पडली पोरी. चौदा नग." त्यांनी रजिस्टरवर इतक्या प्रेमानं हात फिरवला की जयमालानं तोंड फिरवलं. या माणसानं उभ्या आयुष्यात भिंतीवरच्या कॅलेंडरमागच्या पाककृतींपलीकडं काही वाचलं नसणार, आणि चौदा पुस्तकांच्या जिवावर तो बसलेला! "एक मार्ग आहे," उद्धवराव म्हणाले. "डेव्हिएशन भरा. नगाला एक स्लिप. दोष असूनही माल वापरायला योग्य, कारण अमुक, सही. कारण लिहायचं हां. 'चालेल' हे कारण नसतं."

करिष्मानं टाळी वाजवली. "एवढंच? द्या इकडं!"

जयमाला मात्र स्लिपांकडं बघत राहिली. बावीस वर्षांत तिनं डेव्हिएशनवर एकदाही सही केली नव्हती. त्याचसाठी सहा महिने खोके चिकटवले होते. लाइनवर नवीन आलेल्या पोरांना सांगायचे, ढाकणेबाईंची सही असेल तर परत मोजू नका. आता तीच सही करायची, आणि कशाखाली? ज्यांना तिनं स्वतः नापास केलं त्या भुताखेतांखाली. नाही केली, तर दोन दिवसांत त्यांचा लगदा.

ती खुर्ची ओढून बसली. खोटं लिहायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. पहिलं पुस्तक घेतलं, चाळलं, आणि बराच वेळ पेन हवेत धरून लिहिलं, 'खुनी लवकर कळतो. कुत्रा मात्र मापात उतरलाय.' दुसऱ्यावर, 'भूत खोटं, सासू खरी.' एकावर, 'मधली तीस पानं वापरण्यायोग्य, बाकी पॅकिंग समजावं.' एका पुस्तकापाशी पाच मिनिटं गेली, शेवटी त्यातल्या एका म्हाताऱ्या हवालदारानं त्याला वाचवलं. उद्धवराव प्रत्येक स्लिप वाचून शिक्का मारत होते. सहाव्या शिक्क्याला त्यांनी हळूच विचारलं, "ही सासू कुठल्या पुस्तकात म्हणालात?" तिनं सातवं पुस्तक पुढं ओढलं.

तेरा झाली. चौदावं 'काळ्या काचांचा बंगला'.

तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"लिहा ना ताई," करिष्मा म्हणाली. "मावशीचं राहिलंय."

"माहितीये."

"मग काहीतरी लिहा. कुणी बघतंय?"

"मी बघते." तिनं पुस्तक उलटं केलं. "हा लेखक दोनशे पानं माणसाला गुंतवतो. चांगला गुंतवतो, चोर. आणि शेवटून पाचव्या पानावर आफ्रिकेतून जुळा भाऊ आणतो. तोवर त्याचं नाव नाही, पत्र नाही, फोटो नाही. हा आळस आहे. बाकीच्यांना जमलं नाही, यानं केलंच नाही. याच्यावर मी सही करणार नाही."

"मावशी रडेल."

"रडू दे."

उद्धवरावांनी तेरा पुस्तकं मोजून दिली आणि चौदावं जाळीत परत टाकलं. शनिवारी भंगाराची गाडी आली आणि गेली.

शनिवारी बसमध्ये अंबूबाई जयमालाकडं पाठ करून बसली. सोमवारीही खिडकीतून बाहेर बघत राहिली. मांडीवर करिष्मानं दिलेलं दुसरं पुस्तक तसंच मिटलेलं. तळवड्याच्या चौकात बस थांबली, तशी ती म्हणाली, बघितलं मात्र नाही, "सैपाक्याचं काय झालं तेवढं तरी सांग. जीव लागून ऱ्हायलाय."

जयमाला पुढच्या रांगेतून उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"स्वयंपाकी सुटतो."

"देवा." अंबूबाईनं पदरानं नाक पुसलं. "मग मारलं कुनी?"

"पान साठ आठवतंय? वहिनीच्या हाताला चिंधी बांधलेली असते. खुरपं लागलं म्हणते."

"व्हय व्हय. पन तिला तर बागेतलं काईच कळत न्हाई."

"बरोबर. आणि मागल्या दाराची काच फुटते ती कधी?"

अंबूबाईनं बोटांवर दिवस मोजले. मोजता मोजता तिचं तोंड उघडं राहिलं. "आगं बया! वहिनी?"

जयमाला सांगत गेली. वहिनीनं औषधाची बाटली कशी बदलली, काचेतून हात घालताना रक्त कसं आलं, स्वयंपाक्यानं ते पाहूनही तोंड का उघडलं नाही. लेखकानं चिंधी लिहिली आणि विसरला, काच फोडली आणि विसरला. जयमाला काहीच विसरली नव्हती. मागच्या रांगेतल्या बायका पुढं वाकल्या. करिष्माचं आधी लक्ष नव्हतं, मग ती एकदम ताठ झाली.

"थांबा, थांबा. ताई, मी वाचलंय ते. पुस्तकात तर जुळा भाऊ—"

"गप गं!" अंबूबाई तिच्यावर खेकसली. "जुळा भाऊ कुठनं आला मधीच? इतका येळ काय झोपला व्हता? काईबी वाचतीस आन् भारी म्हन्तीस. जयमाला, तू सांग. सैपाक्यानं मग काय केलं?"