भेडाघाटचं तिसरं वळण

पाहुणे आले की भेडाघाटची नाव आलीच, आणि माझ्या नशिबी नेमका हाच नावाडी येतो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे, खाली खोल, शांत नर्मदा, आणि हा भिकार यमकं जुळवत ओरडतो. दगडात हत्ती दाखवतो, आणि ‘दिसला’ म्हणेपर्यंत नाव पुढं काढत नाही. तिसऱ्या वळणावर सासूचा विनोद सांगून आधी स्वतःच हसतो.

आई मात्र दर वेळी खळखळून हसायची. मी चिडायचो, “काहून हसून राहिली? शंभरदा ऐकला ना!”

यंदा घाटावर त्यानं विचारलं, “माताजी नहीं आईं?” मी नुसती मान हलवली. त्याला कळलं.

तिसऱ्या वळणावर हा मेला चक्क गप्प! नुसता वल्हवत राहिला.

शेवटी मीच म्हणालो, “भैया, वो सासवाला सुनाओ.”