मानांग दुलानं न केलेली सही

मानांग म्हणजे आमच्याकडे ताई. मानांग तेओदुला, सगळ्यांची दुला, लहान होती तेव्हा आमच्या बेटावर शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी होडीनं पलीकडच्या मोठ्या गावात जावं लागे. वडिलांनी दोन्ही मुलग्यांना पाठवलं आणि हिच्या हातात मिठाची टोपली दिली. तेव्हापासून ती मासळी खारवते आणि वाळवते. वाचते हळू, ओळीखाली बोट धरून, पण कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचते आणि उलटून मागची बाजूही वाचते. शिकलेल्या माणसांत ही सवय मी फार कमी पाहिली.

मी पुंता बातोच्या सरकारी शाळेत बावीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. मानांग दुलाची नात पहिलीत आली त्या वर्षी लोकांनी तिला पालक संघाची अध्यक्ष केलं. कारण साधं होतं. शिक्षण कार्यालयाशी भांडायला दुसरं कोणी तयार नव्हतं आणि हिला भांडणाचा कंटाळा कधी येत नसे. तिला सगळे घाबरत. मीसुद्धा.

मोठं वादळ आलं त्यात शाळेच्या तीन खोल्यांपैकी दोन गेल्या आणि तिसरीचं छप्पर उडालं. तंबू येणार, तंबू येणार म्हणून आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. मग एके सकाळी मानांग दुलानं आपल्या शेडमधल्या मासळीच्या तट्ट्या उचलून बाहेर वाळूत नेऊन टाकल्या आणि मला निरोप धाडला की फळा घेऊन या. वर्षभर शाळा तिथं भरली. वह्यांना, गणवेशांना, माझ्या केसांनासुद्धा खाऱ्या मासळीचा वास येई. तिची मासळी उघड्यावर दोनदा पावसात सडली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते.

छप्पर आलं नाही, शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. पटावर एकशेवीस मुलं हवीत, तुमच्याकडे चौऱ्याण्णव आहेत, तेव्हा शाळा पलीकडच्या गावातल्या शाळेत विलीन करायची. पत्राला नगर परिषदेचा ठराव जोडला होता आणि त्याखाली मेयर सोलिदारिओंची ऐसपैस सही. विलीनीकरण अजून कागदावरच होतं, तोवर शाळेच्या अंगणात मोजणीवाले येऊन लाल झेंडे रोवून गेले होते. आमची शाळा अगदी समुद्राला लागून आहे, वाळू पांढरी आहे. तिथं पाहुण्यांसाठी झोपड्या आणि धक्का बांधायचा बेत होता हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

मेयर स्वतः बेटावर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, आमच्यात बसून भाजलेली मासळी हातानं खाल्ली आणि म्हणाले की मुलांची काळजी करू नका, मी होडी देतो. होडी आली. निळी, नवी, दोन्ही अंगांना त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत. आधी वरच्या वर्गांची, पाचवी-सहावीची मुलं पुस्तकांसकट त्यातून पलीकडच्या शाळेत जाऊ लागली. सात आठवडे हे चाललं. आठव्या आठवड्यातल्या सोमवारी होडी आली नाही. एकतीस मुलं इस्त्रीचे गणवेश घालून अकरा वाजेपर्यंत किनाऱ्यावर बसून राहिली. तीच निळी होडी रंगीत छत्र्यांखालचे पाहुणे घेऊन त्यांच्यासमोरून वाळूच्या दांड्याकडे गेली. मुलांनी होडीवाल्याला हातही केले. त्यांना वाटलं, यांना सोडून तो आपल्याला घ्यायला येईल.

मानांग दुला किनाऱ्यावर आली, मुलांना रांगेत उभं केलं आणि माझ्यापुढं आणून म्हणाली, "शिकवा." चेहरा असा होता की मी पाचवी-सहावीची पुस्तकं कुठून आणायची हेसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतर तिचं जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. समुद्री शेवाळाच्या शेतीसाठी शेजारच्या खडकांवर जाऊन राहिलेल्या कुटुंबांकडे ती होडी वल्हवत गेली. पोरांना शेवाळ दोरांना बांधायला ठेवलंत तर मी इथंच बसते, असं म्हणून खरोखर बसली. चौऱ्याण्णवचे एकशे अकरा झाले. नगर परिषदेत ती अकरा वेळा गेली. दर वेळी तिला बाकावर बसवून ठेवत, कॉफी देत, आणि कचेरी बंद व्हायच्या वेळी मेयर बाहेर गेलेत म्हणून सांगत.

शेवटी कामी आली ती तिची कागद उलटून वाचायची खोड. शाळेची जमीन नोंग इस्लाव नावाच्या म्हाताऱ्यानं दिली होती. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याची मुलगी पुरिता तांदळाच्या वड्या विकते. तिच्या पेटीत दानपत्र होतं. पुढच्या बाजूला नेहमीचंच सगळं. मानांग दुलानं ते उलटलं, तर मागच्या बाजूला म्हाताऱ्यानं लिहून घेतलं होतं की शाळा बंद पडली तर जमीन माझ्या वारसांकडे परत यावी. दोघी ते घेऊन कचेरीत गेल्या. पुरितानं सांगितलं की शाळा गेली तर मी त्या जागेत कसावा लावीन, दुसऱ्या कोणाला वावभरही देणार नाही. आठवड्याभरात विलीनीकरणाची भाषा थांबली. लाल झेंडे कोणी काढले नाहीत. ते मुलांनी उपटून त्यांचे पतंग केले.

इथपर्यंत मी ताठ मानेनं सांगू शकते. पुढचं सांगताना माझी मान खाली जाते.

दीड वर्षानं शिक्षण कार्यालयानं सरकारी शाळांना पाठिंबा देणाऱ्या नेत्यांचा सत्कार करायचं ठरवलं. आमच्या गटातून मेयर सोलिदारिओंचं नाव होतं आणि कारण लिहिलं होतं, 'पुंता बातोची शाळा वाचवण्यातील भरीव योगदान'. खाली पालक संघाच्या अध्यक्षांची सही हवी होती. मेयरच्या सेक्रेटरीनं मला फोनवर गोडीत सांगितलं की छपराचे पत्रे गोदामात पडून आहेत, सत्कार झाला की लगेच पाठवतो. एव्हाना गावानंच पडलेल्या भिंती उभ्या केल्या होत्या आणि वर्ग शेडमधून शाळेत परत गेले होते, पण डोक्यावर फाटकी ताडपत्री होती. मी कागद घेऊन मानांग दुलाकडे गेले.

ती मासळीचं पोट चिरत होती. हात पुसले, बोट धरून सगळं वाचलं, उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"मॅम, तुम्ही शिकलेल्या. भरीव म्हणजे काय?"

"मोठं. मनापासून केलेलं."

"सात आठवड्यांची होडी?"

मी पत्र्यांचं सांगितलं. मुलं भिजतात, गेल्या महिन्यात दोघांना न्यूमोनिया झाला, हेही सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"मग पत्रे मागा त्याच्याकडे. पत्रे देणं त्याचं कामच आहे. त्यासाठी माझी खोटी सही कशाला?"

"मानांग, एका सहीनं काय बिघडतं?"

तिनं सुरी खाली ठेवली. "त्यानंही ठरावावर सही करताना असंच म्हटलं असेल. त्या एका सहीनं आपली एकतीस पोरं वाळूत बसली. तुम्ही होता तिथं. तुम्ही पाहिलंत." मग म्हणाली, "वही आहे? मी सांगते ते लिहा. सगळं लिहा, त्यानं आपली मासळी खाल्लेलीसुद्धा. त्यावर सही करते."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. ठराव, तारीख, झेंडे, होडी, अकरा खेपा, नोंग इस्लाव. एकही शिवी नव्हती. खाली तिनं वेळ लावून पूर्ण नाव लिहिलं: तेओदुला बायाते.

तो कागद मी पाठवला नाही. घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि अर्जावर पालक संघाच्या उपाध्यक्षाची सही घेतली. त्याच्या होडीचा परवाना दर वर्षी मेयरच्या कचेरीतून येतो. त्यानं न वाचताच सही केली.

सत्कार नगर परिषदेच्या सभागृहात झाला. मेयरच्या चेहऱ्याचा दोन मजली फलक, आमच्या मुलांचं नृत्य, माझ्या हातात सांपागिताच्या पांढऱ्या फुलांचा हार. बेटावरून तेवीस आया आल्या होत्या. मानांग दुला त्यांच्यात पुढच्या रांगेत बसली होती. तिचा कागद गेलाच नाही हे तिला कोणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी तरी सांगितलं नव्हतं.

मेयर बोलायला उभे राहिले. ही शाळा माझ्या काळजाचा तुकडा आहे, म्हणाले. मग हात पसरून म्हणाले, "पुंता बातोच्या मातांनो, उभ्या राहा, लोकांना तुम्हाला पाहू द्या."

कोणी उभं राहिलं नाही.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नसावं. पुन्हा म्हणाले. सूत्रसंचालक हसून म्हणाला की बायका लाजतायत. तेवीस बाया हात मांडीवर ठेवून बसून होत्या. एकीचं तान्हं रडायला लागलं, तरी ती त्याला घेऊन उठली नाही, बसल्या जागी पाजत राहिली. अख्ख्या सभागृहात पुंता बातोची एकच बाई उभी होती, हार घेऊन. मानांग दुला मेयरकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

मी हार घातला. अजून काय करणार होते?

पत्रे आले नाहीत. सेक्रेटरी म्हणाली, तुमच्या लोकांनी मेयरांचा अपमान केला. मग नळावर बायकांच्या तोंडी येऊ लागलं की म्हातारीच्या हट्टापायी पोरं भिजतायत. त्या दिवशी न उठलेल्यांपैकीही काही जणी त्यात होत्या. पालक संघाच्या पुढच्या निवडणुकीत मानांग दुला नऊ मतांनी पडली. शाळेला शेड देणारी, तळव्याला वल्ह्याचे फोड आणून पट भरणारी बाई पडली आणि तो परवानावाला अध्यक्ष झाला. लोकांवरचा राग जास्त की स्वतःवरचा, ते मला ठरवता आलेलं नाही.

मे महिन्यात शाळा सुरू होण्याआधी साफसफाईचा आठवडा असतो. मानांग दुला पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी कोयता घेऊन आली. चार महिने माझ्याशी बोलली नव्हती. पडलेल्या माणसाला गवत कापायला बंदी नाही ना, एवढं विचारलं आणि कामाला लागली. तिला पाहून बाप लोक खजील झाले. त्यांनी नीपा ताडाची पानं तोडून आणली आणि सहा दिवसांत तिन्ही खोल्या शाकारल्या. मी तो घडीचा कागद तिच्यापुढे धरला आणि काय केलं ते सांगितलं.

"ठेवा तुमच्याकडेच," ती म्हणाली. "खरे कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये चांगले टिकतात."

हा टोमणा मी कमावला होता.

निवृत्त व्हायच्या वर्षी सत्काराचा अर्ज पुन्हा आला. या वेळी मी तिचं नाव भरलं आणि तो जुना कागद जोडला. तीन आठवड्यांनी, मी निवृत्त झाल्यावर, अर्ज परत आला. उमेदवार निवडून आलेला पदाधिकारी किंवा नोंदणीकृत संस्था असावी, असा शिक्का होता. जोडलेला कागद उघडल्याचीही खूण नव्हती. मी संतापानं तडक तिच्याकडे गेले आणि बरंच काही बोलले. कार्यालयाला, मेयरला, त्या शिक्क्याला. ती मासळी उलटत ऐकत होती.

"झालं बोलून? हे तेव्हा बोलायचं होतं," ती म्हणाली. मग विचारलं, "या वर्षी पटावर किती?"

"एकशे बत्तीस."

"एकशे तेहतीस. पुरिताची धाकटी नात सोमवारी आली. तुमच्या जागी आलेल्या मॅमनं तिचं नाव अजून लिहिलेलं नाही. जा, लिहायला सांगा."