मुखपृष्ठावरचा जिवंत माणूस

आमच्या भागात कारणाशिवाय काही छापलं जात नाही. लग्न असलं तर पत्रिका, पुढाऱ्याचा वाढदिवस असला तर फ्लेक्स, कुणी गेलं तर दशक्रियेचं कार्ड, आणि दिवाळीत पानोपानी शुभेच्छुकांचे फोटो असलेला एखादा अंक. त्यामुळे मी आणि माझ्या मित्रानं चित्रं, सिनेमा आणि संगीत यांवर एक छापील त्रैमासिक काढायचं ठरवलं, तेव्हा शिरूरमध्ये भेटेल त्यानं एकच विचारलं, "पण कशानिमित्त?"

निमित्त काही नाही म्हटलं की लोक आमच्याकडे दयेनं बघायचे. एकानं तर मित्राला बाजूला घेऊन, कुठल्या वॉर्डातून उभा राहणार आहेस, असंही विचारून घेतलं.

मित्राचं शिरूरला एसटी स्टँडच्या मागे फ्लेक्सचं दुकान आहे. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो आणि दोघांनाही अभ्यास सोडून बाकी सगळ्याची आवड होती. पुढे तो वाढदिवसांच्या आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्समध्ये गुंतला, मी कुरकुंभला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि दौंडला खोली घेऊन राहिले. सुट्टीच्या दिवशी मी शिरूरला जायचे आणि गिऱ्हाईक नसलं की आम्ही त्याच्या कॉम्प्युटरवर अंकाची पानं लावत बसायचो. लॅबमधले म्हणायचे, "मोबाईलवर टाक की, फुकटात होईल." मला राग यायचा. मोबाईलवर टाकलेलं कुणी वाचत नाही, नुसता अंगठा दाखवतात. मला असं काहीतरी हवं होतं, जे घरात कुठेतरी पडून राहील आणि एखाद्या दुपारी कुणीतरी उगाच उघडून बसेल.

पहिल्या अंकात जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमावर एक लेख होता, भिंतींवर खताच्या जाहिराती रंगवणाऱ्या पेंटरवर एक होता, आणि सगळ्यात मोठा होता माझ्या वडिलांवर. माझे वडील दौंड तालुक्यातल्या राहू गावात असतात. त्यांनी उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे आणि गाव पलीकडे. पलीकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात ते वाजवायला गेलेले आहेत, म्हणजे घरात नाही, दारात. पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाच्या कडेला. इकडे आमच्या विहारातली शिकलेली पोरं म्हणायची की हे वाजवणं कमीपणाचं आहे, सोडून द्या. वडिलांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि वाजवत राहिले. मग डीजे आले आणि त्यांना काही सोडावंच लागलं नाही, आपोआप सुटलं.

मी लेखाचं काढलं तेव्हा ते हसले. "माझं काय छापती? वरातीत कोण ऐकतंय? लोकं नाचत्यात."

"असं कसं बाबा, ऐकणारे असतातच की."

"कोण? एक दाव मला."

मला दाखवता येईना. ते मनाला लागलं. खरं सांगायचं तर तो एक ऐकणारा माणूस सापडावा म्हणूनच मी हा सगळा खटाटोप करत होते. वडिलांची सत्तरी उलटली होती. आपलं आयुष्य कुणाच्या कानात गेलंच नाही असं मानून त्यांनी जावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

शेवटी ते बोलले, आणि बोलायला लागल्यावर थांबेनात. सगळ्यात जास्त बोलले ते पाठवणीवर. ते म्हणाले, "लेक वाटं लावताना नवरीकडं बघायचं न्हाई, ती रडतीच. नवरीच्या बापाकडं बघायचं. सगळ्यांफुडं त्यो आवरून धरतोय, पर कवा तरी फुटतोयच. तवा आपण जरा मोठ्यानं वाजवायचं. क्लारनेट चालू हाय तवर त्याचं रडणं कुणाला ऐकू येत न्हाई. त्यानं टोपीनं त्वांड पुसलं की मगच थांबायचं." मी हे जसंच्या तसं लेखात घातलं.

मुखपृष्ठासाठी मी त्यांचा एक फोटो काढला होता. दारातल्या उजेडात बसलेले, पांढरा सदरा, नजर समोर. मित्रानं तो काळापांढरा केला, मागची भिंत काढून तिथे काळं घातलं, चेहऱ्याभोवती हलकासा उजेड सोडला. अंकाचं नाव अगदी लहान करून कोपऱ्यात टाकलं, दुसरं एक अक्षर नाही. बाहेरची भारी मासिकं अशीच असतात, यावर आमचं एकमत झालं. आम्ही दोघं लांबून बघून खूश झालो. रोज ज्या हातानं तो श्रद्धांजलीचे फ्लेक्स करत होता त्याच हातानं त्यानं ते केलं होतं, आणि हे त्याच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

अंक छापून आले. स्टँडवरच्या पेपरवाल्यानं समोर टांगून ठेवायचं कबूल केलं. मित्रानं हौसेनं मुखपृष्ठाचं एक मोठं पोस्टरही काढून स्टँडबाहेरच्या खांबाला बांधलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला गेले. लॅबमध्ये मोबाईल चालत नाही, तो गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

शिफ्ट संपल्यावर मोबाईल हातात घेतला तर मिस्ड कॉलची रांग. गावच्या ग्रुपवर वडिलांचा फोटो, खाली हात जोडलेले, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि कुणीतरी विचारलेलं, 'माती कवा हाय?'

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं मला त्याच्या स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. तो फोटो मीच काढलेला आहे, ते मुखपृष्ठ माझ्याच अंकाचं आहे, हे मला त्या वेळी कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की माझा बाप गेला आणि मी लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धूत होते. घरी फोन लावला. उचलला वडिलांनीच.

"हां बोल. च्या टाकलाय. पाव्हणं आल्यात."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा हाय. पर लोकांना पटंना."

मी हसले की रडले ते सांगता येत नाही, सिक्युरिटीवाला मात्र घाबरला. मग मित्राला फोन केला. त्याला सकाळीच कळलं होतं. पोस्टरचा फोटो कुणीतरी राहूच्या ग्रुपवर टाकला होता. तो बिचारा लगेच खांबावर चढून पोस्टर सोडायला लागला, तर खालून माणसं त्याला विचारत होती की कधी गेले. स्टँडवरचे अंक लोक फुकट नेत होते, कारण कुणाची स्मरणिका विकत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी स्कूटी काढली. पाटस गेलं, चौफुला गेला, वाटेत दोनदा थांबून मी पुन्हा घरी फोन केला. उगाच, फक्त आवाज ऐकायला.

घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, त्यामुळे येणारा प्रत्येकजण आधी फोडणीच्या वासानं दचकत होता आणि मग समोर खुद्द वडिलांना बघून. पण आलेला माणूस लगेच परत कसा फिरणार? तो बसत होता. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला म्हणून जे मनात जुळवून आणलेलं, ते आता त्याच्याच तोंडावर बोलावं लागत होतं. एकजण म्हणाला, माझ्या वरातीत तुम्ही वाजवलं तसं मग कुणी वाजवलं न्हाई. दुसऱ्याला चाल आठवत होती, ती त्यानं गुणगुणूनही दाखवली. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, त्या सवयीनं एकजण न बोलता उठला, फाटकापर्यंत गेला, आणि मग वळून मोठ्यानं 'येतो' म्हणाला. माझी आई मात्र पेटली होती. "जित्या माणसाला हार आणल्यात! पोरीला आणखी शिकवा!" असं म्हणत ती आतून कप बाहेर पाठवत होती.

उन्हं कलल्यावर एक जीप आली. गावातले आबा उतरले. मोठे बागायतदार, सोसायटीचं राजकारण आयुष्यभर केलेले, वयानं वडिलांच्या बरोबरीचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात वडिलांनी वाजवलं होतं. त्यांच्या हातात हार होता. वडिलांना बघून ते जागीच थांबले आणि हार मागच्या माणसाकडे देऊन टाकला. ओढा ओलांडून ते आमच्या दारात आलेले मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मतं मागायला त्यांची माणसं यायची, ते स्वतः नाही.

वडिलांनी त्यांना बसवलं. आईनं चहा दिला. आबांनी कप हातात धरून ठेवला.

वडील शांतपणे म्हणाले, "आबा, आलात बरं वाटलं. पर एक इचारू का? मी जित्ता हाय म्हणून कळलं असतं, तर आला असता का तुम्ही?"

मला वाटलं आता संपलं. आबांनी कपाकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आलो नसतो."

आणि त्यांनी चहा प्यायला, सगळा. कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे पुस्तक तू काढलंस व्हय? काय लिवलंय, वाच बरं."

माझ्याकडे अंक होता. मी मुद्दाम ती जागा काढली असं नाही, मधलं पान उघडलं आणि तिथेच पाठवणीचं होतं. मी वाचत गेले. नवरीच्या बापाकडं बघायचं, तो फुटला की मोठ्यानं वाजवायचं, त्यानं तोंड पुसलं की थांबायचं. वाचून झालं तरी आबा मान खाली घालून बसले होते.

"म्हंजी त्या दिशी," ते वडिलांना म्हणाले, "गाडीमागं मी लई रडलो हुतो. आवाज काढून. मला आजवर वाटतंय, कुणी ऐकलं न्हाई."

"कुणी न्हाई ऐकलं," वडील म्हणाले. "मी वाजवत हुतो."

आबांनी रिकामा कप उचलून परत खाली ठेवला. मग म्हणाले, "मी ऐकत हुतो तुझं. पोरगी गेली, गाडी दिसंना, आन् तुझं चालूच. तेवढंच ध्यानात ऱ्हायलंय त्या लग्नातलं."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठून आत गेले आणि मोरीतल्या नळाचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. मीही तिथेच, सगळ्यांसमोर रडून घेतलं. मला लपवायला कुणी वाजवत नव्हतं आणि त्याचं काही वाटलंही नाही.

पुढचे दिवस निस्तरण्यात गेले. मित्र म्हणाला, दुसऱ्या अंकात खुलासा छापू, 'मुखपृष्ठावरील व्यक्ती हयात आहेत'. मी म्हटलं, आपलं त्रैमासिक आहे, ग्रामपंचायतीची नोटीस नाही. त्यावर आमचं भांडण झालं, दोन दिवस बोललो नाही, आणि शेवटी खुलासा छापला, पण लहान अक्षरात. दुसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ त्यानं असं रंगीबेरंगी केलं की मला ते बघवेना, पण मी गप्प राहिले. अंक निघतो आहे. पेपरवाला हल्ली स्वतःहून विचारतो की पुढचा कधी. कशानिमित्त, हे विचारायचं मात्र लोकांनी अजून सोडलेलं नाही.

वडिलांनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी चकार शब्द काढला नाही. आबांचाही विषय नाही. मला वाटायचं, त्या दिवशी माणूस हळवा झाला, बोलून गेला, झालं. गाव आहे तिथेच आहे आणि ओढाही आहे तिथेच आहे.

उसाची तोड संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीला घरी गेले होते. दुपार होती, वडील अंगणात खुर्चीवर बसून शेंगा फोडत होते. ओढ्याकडून आबा येताना दिसले. जीप नव्हती, बरोबर कुणी नव्हतं, पायी येत होते. अंगात रोजचे कपडे होते. आई धावत दारात आली, तिचा चेहराच उतरला.

"आबा, कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं," ते म्हणाले. "सहज आलोय."

वडील उठले. मला वाटलं आपली खुर्ची त्यांना देऊन स्वतः उभे राहतील. ते आत गेले, दुसरी खुर्ची आणली, पहिलीच्या शेजारी मांडली, आणि आबा बसल्यावर त्यांच्या बाजूला बसले.