बर्फाखालची वाट

आधीच सांगते, मी भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवायचं आणि धडपणे उठवायचं, हे माझं काम. अंगारे-धुपारे, दृष्ट-बिष्ट यांच्याशी माझं कधी जमलं नाही. या सदरातले अनुभव वाचून 'काहीतरीच एकेक' म्हणत पान उलटणाऱ्यांतली मी. तरी आज लिहायला बसले, कारण ज्यांच्यामुळे हे घडलं त्या माझ्या सासूबाई आता नाहीत... आणि माझा नवरा शिरीष या विषयावर तोंडच उघडत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही लंडनजवळ इल्फर्डला राहायचो, दोघंही हॉस्पिटलात नोकरीला. मला नववा भरत आला होता आणि बाळ पायाळू होतं — डोकं वर, पाय खाली. माझं पहिलं बाळही पायाळूच होतं. इकडे येण्याआधी, कराडला. ते हाताला लागलं नाही. या वेळी सोमवारी स्कॅन करून सिझेरियनची तारीख ठरणार होती. इथे सगळी सोय आहे, काही होणार नाही, हे मी पेशंट्सना रोज सांगायचे. स्वतःला सांगून बघितलं, पटलं नाही. पडल्या पडल्या छताकडे बघत राहायचे. फार भीती वाटायची हो.

बाळंतपणासाठी कराडहून सासूबाई आल्या होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या, काटक, स्पष्ट बोलणाऱ्या. मी घरात उगाच कुढत बसते म्हणून शनिवारी त्यांनीच फर्मान काढलं, "शिरीष, हिला कुठेतरी मोकळ्या हवेत ने."

शिरीषने आम्हाला एसेक्समधल्या एका जुन्या मार्केट टाउनला नेलं. नाव मुद्दाम देत नाही. टुरिस्ट ऑफिसातून त्याने 'गावात काय काय बघाल' असं माहितीपत्रक घेतलं आणि परीक्षेला बसल्यासारखा एकेक गोष्ट उरकायला लागला. आदल्या रात्री बर्फ पडलं होतं, तरी चौकातला बाजार जोरात होता. आईंनी फ्लॉवरचे गड्डे उलटेसुलटे करून पाहिले, एकही घेतला नाही. वाकलेली लाकडी घरं पाहिली, चर्च पाहिलं. टी-रूममध्ये स्कोन खाऊन त्या म्हणाल्या, "बरा आहे, पण नानकटाई ती नानकटाई."

"आता कॉमनवरचा टर्फ मेझ राहिला," शिरीष म्हणाला.

"ते काय असतं?"

"गवतात कोरलेली वाट गं आई, शेकडो वर्षांपूर्वीची. गोल गोल फिरत मध्यावर पोचायचं. आपला चक्रव्यूहच म्हण."

आई चालता चालता थांबल्या. "बाई अडली की आमच्याकडे काशाच्या ताटात चक्रव्यूह काढायचे," त्या म्हणाल्या. "तिला दाखवायचे, आणि मग धुऊन ते पाणी पाजायचे. वाट सुटते म्हणतात."

"आई, पाण्याने बाळ फिरत नाही हो," मी जरा तुटकच बोलले. त्या पुन्हा चालायला लागल्या.

कॉमन म्हणजे गावाबाहेरचं मोठं मैदान. तिथे पोचलो तर सगळं पांढरं! मेझचा मागमूस नाही. कडेला एक बाक आणि एक पाटी, बस्स. शिरीष हिरमुसला. माझे पाय सुजले होते, मी त्या बाकावर बसले आणि तो माझ्या शेजारी. आई मात्र पाटीजवळ जरा वेळ उभ्या राहिल्या, मग पाचवारीचा घोळ वर धरून, माझे रबरी वेलिंग्टन बूट घातलेल्या, सरळ बर्फात शिरल्या.

"आई, पडशील!" शिरीष ओरडला. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या थोडं सरळ चालायच्या, वळायच्या, बाहेरच्या अंगाला यायच्या, पुन्हा आत. सावकाश, पण कुठेही न अडखळता. आधी मला हसू आलं, मग हसू गेलं. त्या वळल्या की माझ्या पोटात बाळ हलायचं. नेहमीच्या लाथा नव्हत्या त्या... काहीतरी जड सरकल्यासारखं. मी शिरीषचा हात धरला. आई मध्यावर पोचून थांबल्या आणि माझ्या पोटात असं काही ढवळलं की माझा श्वासच अडकला. दुखलं नाही. नंतर सगळं शांत.

तेवढ्यात कुत्रा घेऊन फिरणारी एक वयस्क इंग्लिश बाई आमच्याजवळ येऊन थांबली. तिच्या नवऱ्याने बरीच वर्षं या मेझच्या कडा छाटल्या होत्या. आईंच्या पावलांकडे ती एकटक बघत राहिली.

"तुमच्या मदर इथे नेहमी येतात?"

"पहिल्यांदाच आल्यात. इंग्लंडातच पहिल्यांदा."

"त्यांचं एकही पाऊल चुकलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "माझ्या नवऱ्यालाही बर्फात हे जमलं नव्हतं."

ऊन वर आलं होतं. बर्फ बसत गेलं तशी पावलांच्या रांगांमधून गवताची टोकं दिसायला लागली, एकेक वळण उघडं पडायला लागलं. अख्खा मेझ आमच्यासमोर वर आला, आणि आईंची पावलं बरोब्बर त्याच्या वाटेत होती. मला रडू येत होतं, का ते कळत नव्हतं.

सोमवारी स्कॅनमध्ये बाळाचं डोकं खाली होतं. कन्सल्टंट म्हणाले, कधी कधी फिरतात आपोआप. खरंय, पुस्तकात आहे, त्याचं मला नवल नाही. पावलांचंही एक वेळ समजून घेईन, बुटाखाली वाटेची खोलगट कड लागत असेल. पंधरा दिवसांनी मुलगी झाली, सुखरूप, सिझेरियनशिवाय.

बारशाच्या आदल्या दिवशी आई तिला तेल लावत होत्या, तेव्हा मी विचारलं, "आई, त्या दिवशी बर्फात तुम्हाला वाट कशी कळली?"

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

"मला कशी कळणार? तू पुढे होतीस ना. मी तुझ्या मागून आले."

"मी बाकावर होते, आई."

"काहीतरी बोलू नकोस. अनवाणी चालत होतीस, मी दोनदा ओरडलेसुद्धा. मध्यावर पोचून वळलीस माझ्याकडे." त्यांनी पोरीच्या टाळूवर तेल थापलं. "आणि तेव्हा हिला कडेवर घेतली होतीस."

शिरीषला विचारलं. तो म्हणाला, तू माझा हात सोडला नव्हतास. बर्फात रांग एकाच माणसाच्या पावलांची होती, मी, शिरीषने आणि त्या इंग्लिश बाईनेही पाहिली. आई तर शेवटपर्यंत आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हत्या. मला ते कधीच उलगडलं नाही. एवढंच की बारशाच्या आदल्या त्या दिवसापासून मी आईंशी वाद घालणं सोडलं, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपले.